चिठ्ठीची पाठ

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला मिस हेस्टर पिंडर यांनी ‘रन’ या शब्दाचा गठ्ठा सोडला, आणि अर्थ क्रमांक एकशे बारा रिकामा निघाला.

होबार्टच्या धक्क्याजवळ सफरचंदं भरायची एक जुनी वखार होती, तिच्यात कोशाची कचेरी. मोठमोठ्या शब्दांची तिथे कुणाला पर्वा नव्हती. हा कोश होता रोजच्या वापरातल्या बारक्या इंग्रजी शब्दांचा. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे. मिस पिंडर त्या चिठ्ठ्यांचे अर्थाप्रमाणे ढीग लावायच्या आणि प्रत्येक ढिगावर अर्थाची पट्टी ठेवायच्या. एकशे बाराची पट्टी जागेवर होती. ‘मेंढ्या कातरण्याची दोन तासांची एक पाळी’, असं तिच्यावर त्यांच्याच अक्षरात होतं. पट्टीखाली या अर्थाची जी एकुलती एक चिठ्ठी असायची, ती मात्र नव्हती.

चिठ्ठी नाही तर अर्थ नाही, हा संपादक डॉक्टर पास्को यांचा नियम. पुराव्याशिवाय अर्थ छापायचा नाही, मग तो तुमच्या आजीने रोज वापरलेला का असेना.

मिस पिंडर एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांतली सत्तावीस वर्षं या टेबलाशी गेली होती. ‘रन’ त्यांचा लाडका. माणूस धावतो ते रन, नळ वाहतो तेही रन. दुकान चालवणं, मोज्याची वीण उसवणं, मेंढ्यांचं कुरण, क्रिकेटमधली धाव, अंड्याचा बलक पसरणं, अफवा पसरणं, सगळं तेच. एकदा त्यांनी ते सारे ढीग जमिनीवर मांडून पाहिले होते. खिडकीपासून सुरुवात केली, दारापर्यंत आल्या, दाराबाहेर जिन्यापर्यंत गेल्या, तरी ढीग संपेनात. एकशे सत्त्याऐंशी भरले. जिन्यावर उभ्या राहून बाई खाली बघत राहिल्या आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन अक्षरांचा शब्द, शेंबडं पोरही बोलतं तो, आणि त्याचा तळ कुणाला लागलेला नाही. मेथडिस्ट चर्चमध्ये आयुष्यभर बसूनही असा काटा आला नव्हता, असं त्या प्रामाणिकपणे सांगत.

चिठ्ठी उडून कुठे पडली असेल म्हणून त्यांनी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग मनात शंका आली आणि त्या बाकीचे गठ्ठे मोजायला बसल्या. प्रत्येक गठ्ठ्याच्या फितीवर आकडा लिहिलेला असायचा. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. ‘सेट’मधून एक कमी, ‘टर्न’मधून एक, ‘होल्ड’मधून एक, ‘स्टँड’मधून एक.

हजारोंच्या गठ्ठ्यांतून कुणीतरी एकच एक चिठ्ठी वेचून काढली होती, आणि असं पाच वेळा केलं होतं.

२

बुधवारी डॉक्टर पास्कोंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे चारच. मिस पिंडर, उपसंपादक मिस्टर क्लाइव्ह कॉब्डन, टंकलेखिका एनिड फाही, आणि झाडलोट करणारा गुनार लीपा. गठ्ठ्यांच्या खोलीची किल्ली या चौघांपलीकडे कुणाच्या हाती लागत नसे.

मिस्टर कॉब्डन यांच्यावर मिस पिंडरचा पहिला संशय होता, आणि त्यांनी तो तोंडावर बोलून दाखवला. एकशे बारावा अर्थ म्हणजे मेंढ्या कातरायच्या शेडमधल्या गड्यांची बोली, तो कोशात नकोच, असं म्हणत कॉब्डन वर्षभर त्यांच्याशी भांडत होते. कॉब्डनना राग आला नाही, उलट गंमत वाटली. अर्थ उडवायचाच असता तर मी लाल शाईने उडवला असता आणि खाली सही ठोकली असती, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. चोरून काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, कारण मग कौतुक कोण करणार?

एनिड फाही एकतीस वर्षांची, अबोल. कार्बन पेपर हाताळून हाताळून तिची बोटं कायम जांभळी असायची. जे गठ्ठे माझ्याकडे टंकायला येतात ते मी परत करते, एवढंच ती बोलली. खोलीबाहेर पडताना तिने मिस पिंडरना ‘कीप’चा गठ्ठा कधी मिळणार ते विचारलं. महिन्याभरात हे तिसऱ्यांदा. अशा गोंधळातही पोरीला कामाची काळजी आहे, याचं बाईंना कौतुक वाटलं.

“मला एक दिसतंय,” कॉब्डन खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “रन, सेट, टर्न, होल्ड, स्टँड. पाचही शब्द जहाजावरचे आहेत. जहाज वाऱ्यापुढे धावतं, शिडं चढवतात, भरती फिरते, तळाशी माल भरायची जागा असते, आणि जहाज खुल्या समुद्राकडे निघतं. समोर बंदर आहे. आणि आपल्यात एक माणूस असा आहे, जो कुठून आलाय ते आपण फक्त त्याच्याच तोंडून ऐकलंय. ही सांकेतिक भाषा आहे, डॉक्टर.”

गुनार लीपा दाराशी झाडू घेऊन उभा होता. लढाईनंतर लाटव्हियातून निघून, एकेका छावणीत दिवस काढत तो इथवर आला होता. सरकारशी दोन वर्षांचा करार, सांगतील ते काम करायचं. पहिलं वर्ष सरलं होतं.

“क्लाइव्ह, जेली सेट होते,” मिस पिंडर म्हणाल्या. “दूध टर्न होतं म्हणजे नासतं. बलक रन होतो, पीठ भिजवून स्टँड करत ठेवतात, आणि पातेल्यात किती मावतं त्याला होल्ड. तुमच्या हिशेबाने चोर स्वयंपाकीण असायला हवी. या शब्दांतून जे शोधाल ते सापडतं. म्हणून तर त्यांतून काहीच सिद्ध होत नाही.”

डॉक्टर पास्को हसले असते, पण त्याआधीच कॉब्डन उठले आणि झाडूच्या कपाटातून एक जाड वही घेऊन आले. गुनारची वही. तिच्यात बारीक अक्षरात इंग्रजी वाक्यंच वाक्यं होती. कॉब्डननी ती रात्रभर गठ्ठ्यांशी ताडून पाहिली होती, आणि ज्या वाक्यांची चिठ्ठी सापडली नाही अशा पाच ठिकाणी कागद खोचून ठेवले होते.

हरवलेल्या पाचही चिठ्ठ्यांवरची वाक्यं त्या वहीत होती. एकूण एक, जशीच्या तशी.

डॉक्टर पास्कोंनी चष्मा काढून पुसला. शुक्रवारी दहापर्यंत चिठ्ठ्या परत आल्या नाहीत तर मला रोजगार कचेरीला लिहावं लागेल, असं ते म्हणाले. त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं, पण ते शब्द मागे घेणारे नव्हते.

३

दुपारी मिस पिंडर चहाचे दोन पेले घेऊन मागच्या पायरीवर गेल्या. डोंगरावर बर्फ होतं आणि वारा थेट तिथून येत होता. गुनार तिथे बसला होता, नुसता हाताकडे बघत.

त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी अजून समुद्रापलीकडे मुख्य भूमीवरच्या छावणीत होत्या, हे बाईंना माहीत होतं. त्याने इथे दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या दोघींना यायची परवानगी मिळणार होती, पण हातात काम असेल तरच. चोरीचा शेरा बसला की कामही गेलं आणि खोल्याही गेल्या. मग त्याला कुठल्या खाणीत धाडतील याचा नेम नव्हता.

वही कशासाठी, असं त्यांनी विचारलं.

गुनार रीगात शाळामास्तर होता. बोटीवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इंग्रजी सोपी आहे, पन्नास बारके शब्द शिकलास की भागतं. त्याने पन्नास शिकले. मग इथे झाडताना बाईंच्या टेबलावर ढीग पाहिले.

“मिस पिंडर, मला वाटलं मी पन्नास शब्द शिकलो,” तो म्हणाला. “मी एकही शिकलो नव्हतो. त्या दिवशी मला रडू यायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की मी झाडू तसाच धरून उभा राहिलो. माझं सगळं गेलं होतं, आणि इथे एका शब्दात एवढं होतं. ते कुणीही घ्यावं, संपत नाही. म्हणून मी रोज एक चिठ्ठी उतरवतो. उतरवतो आणि जागेवर ठेवतो.”

बाईंनी चहाचा पेला त्याच्या हातात दिला. सत्तावीस वर्षांत जिन्यावरच्या त्या काट्याबद्दल त्यांचं म्हणणं कुणाला कळलं नव्हतं. याला कळलं होतं.

त्यांनी वही घरी न्यायला मागितली. गुनारने ती दिली, आणि आपली एक सवय सांगितली, की ज्या चिठ्ठीचं अक्षर मोठं आणि स्वच्छ असेल तीच तो निवडतो. बाकीच्यांचं अक्षर त्याला लागत नसे.

४

गुरुवारी सकाळी चुलीवर ओट्सची लापशी करपली तरी मिस पिंडर वहीतून मान वर काढेनात.

डॉक्टरांनी वाक्यं पाहिली होती, कॉब्डननी वाक्यं पाहिली होती. शब्दांची माणसं, ती शब्दच पाहणार. पण गुनार परका. चिठ्ठीवरचं कुठलं कामाचं आणि कुठलं बिनकामाचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने कोपऱ्यातली बारीक खूणसुद्धा उतरवली होती. वाचकाची आद्याक्षरं आणि तारीख. चारशे चिठ्ठ्यांतल्या तारखा नाना तऱ्हेच्या होत्या. हरवलेल्या पाचांची मात्र एकच होती.

जे. टी. १२ मे १९४३.

जोसाया ट्रेबिल्को. ह्यूऑनच्या खोऱ्यातला सफरचंदाचा बागाईतदार, वीस वर्षं चिठ्ठ्या पाठवत होता, गेल्याच वर्षी वारला. म्हातारपणी डोळे अधू झाले तसं त्याचं अक्षर मोठं मोठं होत गेलं होतं. बाई तशाच कचेरीत गेल्या आणि आवक-वही काढली. कोणी कधी काय पाठवलं याची ती नोंद. त्रेचाळीस सालच्या वहीला सहा वर्षांत कुणी हात लावायचं कारण नव्हतं, पण वही टेबलावर ठेवताच आपसूक त्याच पानावर उघडली. मे महिन्याच्या त्या दिवशी ट्रेबिल्कोने सहा चिठ्ठ्या केल्या होत्या. रन, सेट, टर्न, होल्ड, स्टँड, आणि सहावी कीप. पानाच्या कडेला अंगठ्याचा एक ठसा होता, जांभळा.

बाई खुर्ची ओढून त्या पानापुढे बसल्या.

एनिड. पण का? या पाच वाक्यांत असं काय होतं? मेंढ्या, कुंपण, फाटक, रोजची कामं. कुणाला वाचायची असती तर गुनारने उतरवली तशी उतरवून घेता आली असती. एनिड तर टंकलेखिका, पाच मिनिटांचं काम. म्हणजे तिला वाक्यं नको होती. तिला तो कागद हवा होता.

आणि मग सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जे कधी मनात आलं नव्हतं ते बाईंच्या मनात आलं.

कचेरीत एक रिवाज होता, लिहिलेला कुठेच नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा. पाठची बाजू आपली नाही. वाचक हातात येईल त्या कागदावर लिहीत. बिलांच्या मागे, पेटीवरच्या लेबलांच्या मागे, घरच्या पत्रांच्या मागे. लढाईत तर कागदाचा तुटवडा, एका पानाच्या सहा चिठ्ठ्या कापायचे. माणसाने विश्वासाने आपलं घर आपल्याकडे पाठवलंय, ते वाचू नये, एवढीच सभ्यता. मिस पिंडर यांच्या हातून लाखभर चिठ्ठ्या गेल्या असतील, त्यांनी एकही उलटून पाहिली नव्हती. त्या ज्याला शब्दांचा डोंगर समजत होत्या, त्याला दुसरी बाजू होती. लोकांचं जगणं इतकी वर्षं त्यांच्या बोटांखाली पालथं पडलं होतं. पुन्हा तोच काटा अंगावर आला, जिन्यावरच्यापेक्षा जोराचा.

त्या उठून आपल्या टेबलाशी गेल्या. ‘कीप’चा गठ्ठा तीन महिने तिथेच होता. सहावी चिठ्ठी सापडली. ‘ही जात कोठीत वसंतापर्यंत टिकते’, असं सफरचंदांबद्दलचं साधं वाक्य होतं, म्हाताऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात. कागद पातळ होता. उजेडासमोर धरला असता तर पाठचं पेन्सिलीचं लिखाण दिसलं असतं.

त्यांनी तो उजेडासमोर धरला नाही.

५

शुक्रवारी दहाला पाच कमी असताना डॉक्टर पास्कोंच्या टेबलावर पत्र तयार होतं, सहीपुरतं उरलेलं. एनिडनेच ते टंकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती दाराशी उभी होती. तिच्या शेजारी गुनार, इस्त्री केलेल्या शर्टात. जणू काही त्याची मुलाखत होती.

मिस पिंडरनी वहीतल्या कोपऱ्यातल्या खुणा दाखवल्या. एकच माणूस, एकच दिवस, एकच कापलेलं पान, हे समजावून सांगितलं. जांभळ्या ठशाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मग त्यांनी सहावी चिठ्ठी टेबलावर ठेवली, सफरचंदाचं वाक्य वर करून.

“गुनारने समोरची बाजू घेतली, आणि ती जागेवर ठेवली,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला पाठ हवी होती. पाठची बाजू आपली नाही, डॉक्टर. ती ज्याची आहे त्याने उचलावी.”

घड्याळात दहाचे ठोके पडायला लागले. सातव्या ठोक्याला एनिड पुढे आली. तिने झग्याच्या खिशातून एक पाकीट काढलं आणि त्यातल्या पाच चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, पालथ्या. कडा कडांना जुळल्या. पान जवळजवळ पुरं झालं. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा नव्हता.

पत्र लिहिणारा ट्रेबिल्कोचा मुलगा लाइल, असं तिने सांगितलं. उत्तरेच्या थंड समुद्रात, आरमारात होता. तो मेथडिस्ट, ही कॅथलिक. त्याचं पाकीट आलं असतं तर एनिडच्या बापाने दारातच फाडलं असतं, म्हणून लाइल हिचं पान आपल्या घरच्या पाकिटात घालायचा आणि त्याची बहीण ते गुपचूप हिला आणून द्यायची. शेवटचं पत्र आलं त्याच आठवड्यात तो गेल्याची तारही आली. बहिणीने अंथरूण धरलं. घर माणसांनी भरलं. ते पान टेबलावरच्या कागदांत राहून गेलं.

“आणि म्हातारा लिहीत बसला,” मिस पिंडर हळूच म्हणाल्या. त्यांना आठवलं. बातमी वर्तमानपत्रात आली होती, आणि तरी त्या आठवड्याचं त्याचं टपाल नेमाने आलं होतं. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नसणार. अधू डोळ्यांना फिकी पेन्सिल दिसली नाही, कोरा कागद दिसला. स्वतःच्या पोराचं शेवटचं पत्र कापून त्याने सहा चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर वाक्यं उतरवली.

एनिडला पहिला तुकडा मार्चमध्ये सापडला होता. वाऱ्याने ‘रन’च्या चिठ्ठ्या उडाल्या, एक पालथी पडली, आणि तिला अक्षर ओळखू आलं.

“मी परत करणार होते,” ती म्हणाली. “गुनारवर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. मला फक्त सहावा तुकडा हवा होता. पाचवा बघा कुठे तुटतो. ‘तुझं पार्सल’, एवढंच आहे. मी त्याच्यासाठी स्वेटर विणून पाठवला होता. तिकडे फार थंडी असते हो. सहा वर्षं मला कळत नाहीये, तो त्याला मिळाला की नाही.” मग ती गुनारकडे वळली आणि तिने त्याची माफी मागितली. गुनारने मान हलवली. त्यालाही कुणाचं एक पत्र मिळायचं राहिलं असावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

डॉक्टर पास्कोंनी पत्र उचललं, फाडलं आणि टोपलीत टाकलं. पण त्यांची अडचण होतीच. हे पान एनिडचं, ते तिला द्यायलाच हवं. मग सहा अर्थांचा पुरावा गेला. चिठ्ठी नाही तर अर्थ नाही.

“वही आहे की,” कॉब्डन म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते. “सहाच्या सहा वाक्यं आहेत तिच्यात. वाचकाच्या खुणेसकट. बाकीची वाक्यं मी स्वतः गठ्ठ्यांशी ताडून पाहिलीत, एका स्वल्पविरामाची चूक नाही.” मग त्यांनी गुनारपुढे हात केला. गुनारने तो घेतला, फार उत्साहाने नाही.

तेव्हा मिस पिंडरनी सहा नव्या चिठ्ठ्या काढल्या, दोन्ही बाजूंनी कोऱ्या. गुनार टेबलाशी बसला आणि बारीक अक्षरात सहा वाक्यं उतरवू लागला. उपसंपादकांच्या हिशेबी गड्यांची बोली असलेला एकशे बारावा अर्थही त्याने उतरवला आणि कुणी हरकत घेतली नाही. कोपऱ्यात जे. टी., त्याखाली जी. एल. सोमवारपासून झाडून झालं की याच टेबलाशी बसायचं, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. रोजगार कचेरीला पत्र जायचंच होतं, पण दुसरं. त्याच्या बायकोच्या परवानगीसाठी.

सफरचंदाची चिठ्ठी अजून टेबलावर होती. एनिडचा हात पुढे व्हायचा आणि थांबायचा.

“घे ना गं,” मिस पिंडर म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टरही वळले. कॉब्डनही वळले. गुनारने मान वर केली नाही. रिवाज म्हणजे रिवाज.

मागे कागद उलटल्याचा आवाज आला. धक्क्यावर सफरचंदाच्या पेट्या चढवत होते, गडी एकमेकांना शिव्या घालत होते.

“मिळाला होता,” एनिड म्हणाली. “बाह्या लांब झाल्या म्हणे. उसवू नकोस म्हणतोय, दुमडून घालीन.”